बँकेतील नियमपालनाचे काम : अनुभव नसलेल्या तरुणांनी सुरुवात कोठून करावी?

आपल्या वस्तीत आज पदवीधर मुलगा किंवा मुलगी नसलेली गल्ली शोधावी लागेल. बी.ए., बी.कॉम. झालेली ही मुले स्पर्धा परीक्षांचे अर्ज भरतात, दोन-तीन वर्षे अभ्यास करतात, आणि बँकेचा विषय निघाला की लिपिक किंवा अधिकारी एवढ्या दोनच वाटा डोळ्यांसमोर ठेवतात. बँकेच्या आत आणखी एक काम चालते, त्याची माहिती आपल्याकडे फारशी पोहोचलेली नाही. मराठीत त्याला अनुपालन म्हणतात. बँकेतली माणसे सरळ 'कम्प्लायन्स' म्हणतात. रिझर्व्ह बँकेने व सरकारने घालून दिलेले नियम आपली बँक पाळते की नाही हे आतून पाहणे, पाळले जात नसतील तर वेळीच सांगणे, असे हे काम आहे. घरात कोणी बँकेत नसताना, या धंद्याचा अनुभव नसताना या कामात शिरता येते का, असे काही तरुणांनी आम्हांस विचारले. त्यांच्या उपयोगासाठी हा लेख लिहीत आहोत.

प्रथम काम काय आहे ते समजून घेऊ. बँक दुसऱ्याच्या पैशावर चालते. ठेवीदार पैसे ठेवतो, कर्जदार ते नेतो, मध्ये बँक असते. म्हणून तिला दुकानासारखी मोकळीक नसते. रिझर्व्ह बँक कायदा १९३४, बँकिंग नियमन कायदा १९४९ आणि मनी लाँडरिंग प्रतिबंधक कायदा २००२ हे या कामाचे मुख्य आधार आहेत. सहकारी बँकांना १९४९ चा कायदा १ मार्च १९६६ पासून लागू झाला, आणि २०२० च्या दुरुस्तीने रिझर्व्ह बँकेचा त्यांच्यावरील अधिकार पुष्कळ वाढला. या कायद्यांखाली निर्देश व परिपत्रके निघतात. परिपत्रक आले की ते कोणाला लागू आहे हे पाहायचे, त्याची साध्या भाषेत टिपणी करायची, संचालक मंडळापुढे ठेवायची, शाखांना सूचना काढायच्या आणि काही दिवसांनी शाखेत जाऊन ते खरोखर अमलात आले का ते तपासायचे. ठरलेल्या तारखेला विवरणपत्रे पाठवायची. तपासणीत निघालेल्या दोषांची दुरुस्ती करून उत्तर द्यायचे. लेखापरीक्षक झालेला व्यवहार मागाहून पाहतो. नियमपालनाचा माणूस शक्य तेथे व्यवहार होण्याआधी हात आडवा घालतो. दोन्हींत फरक आहे तो एवढाच, पण तो मोठा आहे.

रिझर्व्ह बँक बाबासाहेबांनी काढली, असे आपल्याकडच्या भाषणांतून पुष्कळदा ऐकू येते. नेमके सांगायचे तर बाबासाहेबांचा रुपयाच्या प्रश्नावरील इंग्रजी ग्रंथ १९२३ साली लंडनमध्ये प्रसिद्ध झाला, आणि डिसेंबर १९२५ मध्ये त्यांनी हिल्टन यंग आयोगापुढे साक्ष दिली. मध्यवर्ती बँकेची शिफारस त्या आयोगाने केली. पुढे १९३४ चा कायदा होऊन १ एप्रिल १९३५ रोजी रिझर्व्ह बँक सुरू झाली. चलन काढणाऱ्याच्या हाती मोकळा अधिकार देऊ नये, त्यास नियमाचे बंधन असावे, हा त्यांच्या विवेचनातील एक मुख्य धागा होता. जे खरे आहे तेच पुरेसे मोठे आहे. त्यात भर घालण्याची गरज नाही.

आता या कामाशी आपला संबंध काय, असे कोणी विचारील. संबंध ठेवीचा आहे. मुंबईच्या पंजाब अँड महाराष्ट्र को-ऑपरेटिव्ह बँकेवर २३ सप्टेंबर २०१९ रोजी रिझर्व्ह बँकेने निर्बंध घातले. आरंभी एका खातेदारास फक्त १,००० रुपये काढता येत होते. एका बांधकाम समूहाची ४४ कर्जखाती लपविण्यासाठी २१ हजारांहून अधिक बनावट खाती दाखविली गेली, असा आरोप पोलिसांकडील तक्रारीत झाला. म्हणजे कागदावर कर्जे होती, पण ती कोणाची हे कागद सांगत नव्हता. ती बँक जानेवारी २०२२ मध्ये युनिटी स्मॉल फायनान्स बँकेत विलीन झाली. मोठ्या ठेवी असणाऱ्यांच्या पैशाला मात्र वर्षानुवर्षांची मुदत लागली. याच प्रकरणानंतर ४ फेब्रुवारी २०२० पासून ठेव विम्याची मर्यादा दर बँकेत दर ठेवीदारास १ लाखावरून ५ लाख रुपये झाली, आणि २०२१ च्या दुरुस्तीने निर्बंध आल्यापासून ९० दिवसांत विम्याची रक्कम देण्याची तरतूद आली.

आपल्या खानदेशाला याहून जवळचे उदाहरण आहे. जळगावची भाईचंद हिराचंद रायसोनी ही बहुराज्यीय पतसंस्था ठेवी परत करू शकली नाही, आणि २०१५ साली तिच्यावर अवसायक नेमला गेला. जादा व्याज मिळते म्हणून घरबांधणीचे, मुलीच्या लग्नाचे, निवृत्तीचे पैसे लोकांनी तेथे ठेवले होते. येथे एक गोष्ट प्रत्येक घराने पाठ करावी. पतसंस्था म्हणजे बँक नव्हे. पतसंस्थेवर रिझर्व्ह बँकेची देखरेख नसते आणि तिच्या ठेवींना वर सांगितलेला ५ लाखांचा विमा नसतो. पाटीवर काय लिहिले आहे, 'बँक' की 'पतसंस्था', एवढे वाचले तरी पुष्कळ नुकसान टळते. हा फरक नीट समजावून सांगता येणे, हाच नियमपालनाचा पहिला धडा होय. त्यासाठी अनुभव लागत नाही.

अनुभव नाही, शिक्षण नाही, म्हणून नियमाच्या दारातून परत फिरावे लागले आणि तरीही त्याच दारातून आत गेले, असे एक उदाहरण महाराष्ट्रातच आहे. सातारा जिल्ह्यातील म्हसवड येथे चेतना सिन्हा व गावातील कष्टकरी बायांनी महिलांची सहकारी बँक काढण्याचे ठरविले. रिझर्व्ह बँकेने पहिला अर्ज नाकारला, कारण प्रवर्तक सभासदांतील काही बाया निरक्षर होत्या, अर्जावर अंगठे होते. बायांनी गावात साक्षरतेचे वर्ग चालविले आणि काही महिन्यांनी त्या पुन्हा अधिकाऱ्यांसमोर गेल्या. आम्हांस वाचता येत नव्हते, पण हिशोब येतो. कोणत्याही रकमेचे व्याज विचारा, तोंडी सांगतो, अशा आशयाचे आव्हान त्यांनी दिले. परवाना मिळाला आणि १९९७ साली माणदेशी महिला सहकारी बँक उभी राहिली. या गोष्टीकडे आम्ही कौतुकापेक्षा वेगळ्या दृष्टीने पाहतो. त्या बायांनी नियमाला शिव्या दिल्या नाहीत, आणि नियम मुकाट्याने मान्य करून घरीही बसल्या नाहीत. नियम कशासाठी आहे, हे त्यांनी ओळखले. ठेवीदाराचे पैसे सांभाळणाऱ्याला हिशोब कळला पाहिजे, हा त्यामागचा हेतू. तो आपण पुरा करतो, हे त्यांनी दाखवून दिले. नियमपालनाच्या कामाचे मर्म याहून वेगळे नाही.

नियम म्हणजे अडवणूक, अशी आपल्या लोकांची समजूत झाली आहे आणि तिला कारणही आहे. खिडकीवर गेले की 'हा कागद आणा, तो कागद आणा' हेच ऐकू येते. परंतु नियमातच गरिबासाठी एक दार ठेवलेले असते. ओळख व पत्ता पटविण्यासाठी आधार, मतदार ओळखपत्र, पासपोर्ट, वाहन परवाना, रोजगार हमीचे जॉब कार्ड यांपैकी काही नसेल, तरीही बँकेत 'लहान खाते' उघडता येते. छायाचित्र द्यायचे आणि बँकेच्या अधिकाऱ्यासमोर सही किंवा अंगठा करायचा. अशा खात्यात वर्षभरात १ लाखापेक्षा जास्त जमा होऊ नये, महिन्यात १०,००० पेक्षा जास्त काढू नये आणि शिल्लक ५०,००० वर जाऊ नये, अशी बंधने आहेत. खाते आरंभी १२ महिने चालते. त्या अवधीत ओळखीच्या कागदासाठी अर्ज केल्याचे दाखविल्यास आणखी १२ महिने. ऊसतोडीला जाऊन आलेला, कागद हरवलेला मजूर याच दारातून आत येऊ शकतो. पण टेबलामागच्या माणसाने तो परिच्छेद वाचलेला असला पाहिजे. वाचलेला नसला की तो सोपे उत्तर देतो : नाही म्हणतो. तेथे आपल्यातला, वाचलेला माणूस बसला तर काय फरक पडेल हे वेगळे सांगावयास नको.

केवायसी पुन्हा करण्याचेही तसेच आहे. ग्राहकाच्या जोखमीप्रमाणे ठराविक काळाने त्याची माहिती ताजी करावी लागते : जास्त जोखमीच्या खात्याला निदान २ वर्षांनी, मध्यम जोखमीला ८ वर्षांनी, कमी जोखमीला १० वर्षांनी. शिष्यवृत्ती किंवा निराधार योजनेचे पैसे जमा होणारी बहुतेक खाती कमी जोखमीत मोडतात. ज्यांची माहिती बदललेली नाही त्यांनी तसे स्वतः लिहून दिले तरी पुरते, असेही नियमात आहे. ही एवढी माहिती घेऊन शाखेत नम्रपणे बोलणारा एक तरुण वस्तीत असला, तर म्हाताऱ्या माणसांच्या कितीतरी फेऱ्या वाचतात.

आता थोडे कडू बोलतो. अलीकडे शिकलेल्या मुलांना गाठून, 'तुझे खाते महिनाभर वापरायला दे, दोन-पाच हजार देतो' असे सांगणारे लोक फिरतात. पासबुक, एटीएम कार्ड, मोबाइलचे सिम त्यांच्या हाती जाते. मग कोठल्यातरी दूरच्या गावातील निवृत्त माणसाला फसवून काढलेले लाखो रुपये त्या खात्यातून पुढे जातात. चोर सापडत नाही. खाते ज्याच्या नावावर त्याच्या दारात पोलीस येतात, खाते गोठते आणि नोकरीच्या वेळी चारित्र्य पडताळणी अडते. बँकेत बसलेला नियमपालनाचा माणूस नेमके हेच हुडकत असतो : एरवी शिष्यवृत्तीचे चार-सहा हजार जमा होणाऱ्या खात्यात एका दुपारी पाच ठिकाणांहून पैसे येतात आणि तासाभरात सारे निघून जातात. वस्तीतल्या मुलाचे खाते कसे चालते हे ज्याला घरातून ठाऊक आहे त्याला ते चटकन खटकते. फसवणूक झाल्यास १९३० या क्रमांकावर ताबडतोब कळवावे, हे येथेच सांगून ठेवतो. खाते भाड्याने दिलेल्या मुलाला पुढे याच क्षेत्रात नोकरी मागण्याची सोय राहत नाही, हेही आई-बापांनी ध्यानात घ्यावे.

मुंबई-पुण्याच्या मुलांपुढे आपला काय टिकाव लागणार, असे आपली मुले म्हणतात. त्याचे उत्तर आपल्या बाजारपेठेत आहे. दोंडाईचा ही लाल मिरचीची जुनी बाजारपेठ. हंगामात व्यापाऱ्याच्या खात्यात रोख रकमेची उलाढाल एकदम वाढते, हमाल-मापाडी, देठ खुडणाऱ्या बाया, गाडीवाले यांना रोख द्यावे लागते, आणि हंगाम सरला की खाते थंड पडते. कायदा सांगतो की १० लाखांवरील रोख व्यवहार, तसेच महिनाभरात तुकड्यातुकड्यांनी झालेले पण एकमेकांशी जोडलेले आणि मिळून १० लाखांवर जाणारे रोख व्यवहार, पुढील महिन्याच्या १५ तारखेपर्यंत दिल्लीच्या वित्तीय गुप्तवार्ता कक्षाला कळवावेत. हे झाले मोजण्याचे काम, ते संगणक करतो. परंतु संशयास्पद व्यवहार कळवायचा तो रकमेवरून नव्हे, तर तो त्या माणसाच्या धंद्याला शोभतो का यावरून. मिरचीच्या अडत्याच्या खात्यात हंगामात आलेले आठ लाख रोख संशयाचे नसतीलही. तीच रक्कम ऐन पावसाळ्यात, बाजारात आवक नसताना, तीन दिवस रोज साडेनऊ लाख अशी येऊ लागली तर विचारावे लागेल. हे ताळतंत्र परिपत्रकात छापलेले नसते. बाजार समितीच्या आवारात ज्याचे बालपण गेले, ज्याच्या आईने मिरचीची देठे खुडली, त्याला ते ठाऊक असते. ही माहिती म्हणजेही एक अनुभव आहे, पण आपली मुले तो अर्जात लिहीत नाहीत.

यात एक अवघड भाग आहे तो सांगितला पाहिजे. संशयाचा अहवाल पाठविला हे त्या ग्राहकाला कळू द्यायचे नसते. कायद्याने मनाई आहे. मोठ्या शहरात हे सोपे असेल. आमच्यासारख्या गावात बँकेतला माणूस, अडत्या आणि दोघांचा चहावाला एकच असतो, तेथे तोंड बंद ठेवणे हे अर्धे काम होय.

अभ्यास कसा करावा? पुस्तकांपेक्षा मूळ परिपत्रके वाचावीत असे आमचे मत आहे. ती रिझर्व्ह बँकेच्या संकेतस्थळावर इंग्रजीत व हिंदीत विनामूल्य मिळतात. इंग्रजीची भीती बाळगू नये, कारण ही इंग्रजी साहित्याची नाही. शे-दोनशे शब्दच पुन्हा पुन्हा येतात. 'शॅल' आले की करावेच लागेल, 'मे' आले की करता येईल. या दोन शब्दांतील फरक ज्याला कळला त्याचे निम्मे परिपत्रक वाचून झाले. प्रत्येक परिपत्रकाला वहीत पाच प्रश्न विचारावेत. कोणाला लागू? कोणत्या तारखेपासून? जुने कोणते रद्द झाले? कोणी काय करायचे? त्याचा पुरावा किती वर्षे ठेवायचा? शेवटच्या प्रश्नाचे उत्तर ग्राहकाच्या ओळखीच्या कागदांबाबत, उदाहरणार्थ, खाते बंद झाल्यापासून निदान ५ वर्षे असे आहे. तारखेकडे विशेष लक्ष द्यावे. नोव्हेंबर २०२५ मध्ये रिझर्व्ह बँकेने हजारो जुनी परिपत्रके रद्द करून, बँकांच्या प्रकारानुसार निर्देशांची नव्याने मांडणी केली. त्यामुळे रद्दीच्या दुकानात मिळणारी मार्गदर्शके, किंवा कोणी पाठविलेल्या जुन्या टिपणांच्या प्रती, यांवर विसंबून राहू नये.

आणखी एक उत्तम पाठ्यपुस्तक फुकट मिळते, त्याचा उपयोग फार थोडे लोक करतात. रिझर्व्ह बँक एखाद्या बँकेला दंड करते तेव्हा प्रसिद्धीपत्रक काढते. एक-दीड पानाचे असते. त्यात महाराष्ट्रातील नागरी व जिल्हा सहकारी बँकांची नावे वरचेवर येतात. कोणत्या तरतुदीचा भंग झाला ते एका-दोन वाक्यांत लिहिलेले असते : कोणी संचालकांशी संबंधितांना कर्ज दिले, कोणी खात्यांच्या जोखमीचा सहामाही आढावा घेतला नाही, कोणी १० वर्षे पडून राहिलेल्या ठेवी ठेवीदार शिक्षण व जागरूकता निधीत वेळेवर वर्ग केल्या नाहीत. असे एक पत्रक घ्यावे आणि मूळ नियम शोधून काढावा. संचालक व त्यांच्या नातेवाइकांना कर्ज देण्यास नागरी सहकारी बँकांना २००३ मध्ये मनाई झाली. ती का झाली याचा शोध घेतला की २००१ सालच्या अहमदाबादच्या माधवपुरा बँकेच्या पडझडीपर्यंत जावे लागते. अशी वीस पत्रके वहीत उतरवून झाली, की मुलाखतीत बोलावयास पुष्कळ साहित्य हाती येते. अनुभव नाही म्हणणाऱ्यासमोर ही वही ठेवता येते.

प्रत्यक्ष प्रवेशाच्या वाटा अनेक आहेत, सर्व सारख्या चांगल्या नाहीत. राष्ट्रीयीकृत बँकांची भरती २०११ पासून आयबीपीएसच्या सामाईक परीक्षेतून होते. लिपिक पदाला आता ग्राहक सेवा सहयोगी म्हणतात. या बँकांत राखीव जागा आहेत. खासगी बँकांत नाहीत. आत गेल्यावर जेएआयआयबी, सीएआयआयबी या परीक्षा देऊन व शाखेत काही वर्षे काढून नियमपालन खात्यात बदली मागता येते. वेळ लागतो, पण पाया पक्का होतो, आणि आम्ही पहिली पसंती यालाच देऊ. मुख्य अनुपालन अधिकारी या पदाबाबत वाणिज्य बँकांसाठी २०२० साली जे परिपत्रक निघाले त्यात बँकिंग वा वित्तीय क्षेत्रातील १५ वर्षांच्या अनुभवाची अट होती. तेव्हा वरच्या पायरीकडे पाहून खालची नाकारू नये.

ज्यांना बँकेत शिरकाव मिळालेला नाही त्यांच्यासाठी इंडियन इन्स्टिट्यूट ऑफ बँकिंग अँड फायनान्स या १९२८ पासून चालत आलेल्या संस्थेची केवायसी व मनी लाँडरिंग प्रतिबंध या विषयाची प्रमाणपत्र परीक्षा आहे. बारावी उत्तीर्ण व बँकेत नोकरीस नसलेला उमेदवारही तिला बसू शकतो. प्रमाणपत्राने नोकरी लागत नाही. पण अर्जांच्या ढिगात आपला अर्ज वेगळा दिसतो. मुंबई-पुण्यात देशी-परदेशी बँकांच्या ग्राहकांची कागदपत्रे तपासणारी मोठी कार्यालये आहेत, तेथे नवख्या पदवीधरांना घेतात. काम कंटाळवाणे व बऱ्याचदा रात्रपाळीचे असते. दोन वर्षे तेथे काढण्यास हरकत नाही, मात्र पुढचे शिक्षण चालू ठेवावे.

आमच्या मते आपल्या भागातील मुलांनी जिच्याकडे सर्वांत जास्त दुर्लक्ष केले आहे ती वाट जी.डी.सी. अँड ए. या परीक्षेची आहे. राज्याच्या सहकार खात्यामार्फत ही परीक्षा होते. पदवीधरास बसता येते, शुल्क कोणत्याही खासगी वर्गापेक्षा कमी असते. सहकार कायदा १९६०, लेखापरीक्षण, बँकिंग, सहकारी संस्थांचे व्यवस्थापन हे विषय त्यात येतात. गावोगावच्या विविध कार्यकारी सोसायट्या, पतसंस्था, दूध संस्था यांचे लेखापरीक्षण दरवर्षी व्हावेच लागते. लेखापरीक्षकांच्या नामिकेवर येण्यास अनुभवाचीही अट असते, म्हणून आरंभी एखाद्या प्रमाणित लेखापरीक्षकाच्या किंवा सनदी लेखापालाच्या हाताखाली काम करावे. रोजकीर्द, खतावणी, तेरीज, कर्ज रोखे, ठेव पावत्यांची स्थळप्रत हे सारे हाताखालून गेले, की परिपत्रकातील शब्दांना अर्थ येतो. लेखापरीक्षणानंतर संस्थेने दोष दुरुस्ती अहवाल द्यावा लागतो. तो 'ओ' नमुन्यातील अहवाल लिहावयास जो शिकला तो बँकेच्या तपासणी अहवालालाही उत्तर लिहू शकतो. पद्धत तीच, पाने जास्त. शिवाय या वाटेने जाणाऱ्याला गाव सोडावे लागत नाही. मुलींसाठी ही गोष्ट महत्त्वाची आहे, कारण पुण्याला पाठविण्यास अजूनही पुष्कळ घरे तयार होत नाहीत. (ती व्हावीत, हे आमचे मत वेगळे.)

दहावी-बारावीवर थांबलेल्यांनी बँक मित्राच्या कामाकडे पाहावे. गावात बँकेच्या वतीने खाती उघडणे, छोट्या रकमा देणे-घेणे हे काम असते, त्यासाठीही वरील संस्थेची परीक्षा आहे. कमिशन थोडे मिळते. परंतु अंगठा जुळत नाही, नाव जुळत नाही, मयताच्या खात्याला वारस कोण अशा अडचणी रोज समोर येतात. केवायसीचे एवढे शिक्षण कोणताही वर्ग देऊ शकणार नाही. कंपनी सेक्रेटरीचा अभ्यासक्रमही या क्षेत्राला धरून आहे. तो लांबचा व चिकाटीचा आहे. बारावीनंतर प्रवेश परीक्षा देऊन सुरू करता येतो.

या सगळ्यात पैसे उकळणारे लोक आहेतच. 'शंभर टक्के नोकरीची हमी' देणारे, बँकेच्या नावाने नेमणूकपत्र पाठवून अनामत मागणारे, चाळीस-पन्नास हजारांचा वर्ग हप्त्याने विकणारे. आमच्या एका परिचित घराने अशा वर्गासाठी बचत गटातून कर्ज काढले. वर्ग तीन महिन्यांत बंद झाला, हप्ते मात्र दोन वर्षे चालले. कोणतीही बँक नोकरी देण्यासाठी पैसे घेत नाही. अनुसूचित जातीच्या उमेदवारांसाठी पुण्याच्या बार्टी या शासकीय संस्थेमार्फत बँकेच्या परीक्षांचे मोफत प्रशिक्षण दिले जाते. त्याच्या जाहिराती येतात तेव्हा लक्ष ठेवावे.

मुलाखतीबद्दल थोडेसे. 'अनुभव आहे का?' या प्रश्नाला 'नाही, पण शिकेन' हे उत्तर सर्वच देतात. त्याऐवजी केलेले काम सांगावे. ज्याने महिला बचत गटाचे हिशोब लिहिले, वर्गणीच्या पावत्या जमा-खर्चाशी जुळविल्या, संस्थेचा वार्षिक अहवाल धर्मादाय आयुक्त कार्यालयात दाखल केला, त्याने नियमपालनच केले आहे. पावती क्रमांक ४१ कोठे गेला म्हणून दोन दिवस शोधणारा मुलगा या कामाला लायक असतो. आमच्या मंडळाच्या दप्तरात अशी कामे पडून असतात आणि ती करावयास कोणी येत नाही, हे जाता जाता नोंदवितो.

स्वभावाचाही विचार करावा. या कामात टाळ्या मिळत नाहीत. कर्ज वाटणाऱ्याचा सत्कार होतो, थांबविणाऱ्याचा होत नाही. व्यवस्थापकाला, कधी अध्यक्षाला, 'साहेब, हे बसत नाही' असे सांगावे लागते, तेही लेखी, तारीख घालून. म्हणूनच अनुपालन अधिकाऱ्यावर व्यवसायाचे उद्दिष्ट लादू नये, त्यास थेट संचालक मंडळापर्यंत पोहोचता यावे, अशी तरतूद रिझर्व्ह बँकेने केली. मोठ्या नागरी सहकारी बँकांनाही अशा अधिकाऱ्याची नेमणूक २०२२ च्या परिपत्रकाने बंधनकारक झाली. १,००० कोटींवर ठेवी असणाऱ्या बँका त्यात येतात. लहान बँकांत हे काम एखादा हिशोबनीसच इतर कामांसोबत सांभाळतो, आणि त्याला हाताखाली माणूस हवा असतो. नवख्याने अर्ज करताना या लहान बँकाही विसरू नयेत.

शेवटी कागदपत्रांविषयी, कारण दुसऱ्यांचे कागद तपासू पाहणाऱ्याचे स्वतःचे कागद नीट असावेत. शाळा सोडल्याचा दाखला, आधार, पॅन व पदवी प्रमाणपत्र यांवरील नावाचे स्पेलिंग एक करून घ्यावे; वडिलांचे नाव एका ठिकाणी आणि आडनाव दुसरीकडे वेगळे, असा घोळ आपल्याकडे घरोघरी आहे. बौद्धांना अनुसूचित जातीच्या सवलती केंद्रात १९९० च्या दुरुस्तीने मिळाल्या, परंतु बँकांच्या भरतीसाठी केंद्र सरकारच्या नमुन्यातील दाखला लागतो आणि त्यात मूळ जातीचा उल्लेख असावा लागतो. नुसते 'नवबौद्ध' लिहिलेला राज्याचा दाखला तेथे अडतो. हा दाखला मिळण्यास दिवस लागतात. जाहिरात निघाल्यावर धावपळ करण्यापेक्षा, सेतू कार्यालयात याच महिन्यात अर्ज टाकून पावती जपून ठेवावी.